नऊ भोकांची फळी

कुणीतरी माझी पेटी उघडली होती.

पेटी म्हणजे कॉम्प्युटरची. मेहुणा तिला कॅबिनेट म्हणतो, गिऱ्हाइकं केस म्हणतात, मी पेटी म्हणतो, कारण लाकडाच्या चार फळ्या डव्हटेलच्या सांध्यानं एकमेकींत गुंतवल्या की जे होतं ती पेटीच असते. तिच्या पाठीला आठ पितळी स्क्रू असतात. ते पिळून झाले की आठांच्याही डोक्यावरच्या खाचा मी उभ्या करून ठेवतो, एकही तिरकी नाही. मशीन चालायला याचा काडीचा उपयोग नाही, पण मला बरं वाटतं. त्या मंगळवारी सकाळी मांडणीवरच्या अक्रोडाच्या पेटीमागून अंगठा फिरवला, तर खालून दुसऱ्या स्क्रूची खाच आडवी लागली. शेजारचीही कललेली होती.

पेटी जोडून झाली की मी ती आठ दिवस मांडणीवर नुसती ठेवतो. सरस सुकतो, लाकडाला काय हलायचं ते हलून घेतं, आणि मग ती मेहुण्याच्या टेबलावर जाते. तो तिच्यात मदरबोर्ड, पंखे, वायरी भरतो. त्या आठ दिवसांत पेटीला कुणी हात लावायचा नाही, हा आमच्या दुकानातला माझा एकमेव नियम. बाकीचे नियम मेहुण्यानं केलेत आणि ते मी पाळत नाही.

दुकानात माणसं तीन. मी मिस्त्री, लाकडाचं सगळं माझं. बायको घासकाम आणि पॉलिश करते. आणि तिचा धाकटा भाऊ, ज्याच्या शर्टाच्या खिशात कायम एक बारीक चिमटा असतो, म्हणून मी त्याला चिमटाच म्हणतो. चाळिशी उलटून गेलीय त्याची, पण खिशातला चिमटा काही जात नाही. सात वर्षांपूर्वी मी दारं-कपाटं करत होतो आणि तो लोकांचे बंद पडलेले कॉम्प्युटर सुरू करत होता. एकदा थट्टेत मी त्याच्या मशीनला सागाची पेटी करून दिली. ती ज्यानं बघितली त्याला तशीच हवी झाली. तेव्हापासून एका छपराखाली आमचं चाललंय: पुढच्या खोलीत तो, मागच्या खोलीत मी, आणि वरच्या मजल्यावर आमचा संसार.

"काय रे, ही पेटी उघडलीस का?" मी विचारलं.

चिमट्यानं मान वर केली नाही. "मी कशाला उघडू दाजी? अजून चार दिवस आहेत ना तिला."

"मग हे स्क्रू?"

"लाकूड हललं असेल."

लाकूड हलतं, हे मला सांगतोय! लाकूड हललं तर फट पडते, स्क्रूचं डोकं पाव फेरी फिरत नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

मी संशयी माणूस आहे, हे मला मान्य आहे. पण आजकाल संशय घ्यावा असंच सगळं चाललंय. कोपऱ्यावरचा दुकानदार मला साठच्या नावाखाली चाळीसचा दिवा देतो. दोनदा बदलून आणला, तरी माझ्या टेबलावर उजेड म्हणून पडत नाही. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्यानं दिवा लावून दाखवला आणि वर मलाच हसला. पेन्सिलीत पूर्वीसारखं शिसं घालत नाहीत, रेघ ओढावी तर दिसेल न दिसेल अशी. वर्तमानपत्रवाले शाई वाचवतात. हे सगळं मी बायकोला सांगतो तेव्हा ती एकच वाक्य म्हणते, "डोळे दाखवून या एकदा." माझे डोळे ठणठणीत आहेत. तीस वर्षं मी नजरेनं गुण्या लावत, काटकोन तपासत आलोय.

आता हे स्क्रूचं मी इतकं मनावर का घेतलं ते सांगतो. वर्षभरापूर्वी एक माणूस आला होता, गुळगुळीत दाढी, हातात पातळ फाइल. त्याच्या कारखान्यात म्हणे लाकूड कापायचं यंत्र होतं. माप दिलं की यंत्र दिवसाला चाळीस पेट्या कापणार. त्याला फक्त माझी मापं हवी होती: पाठ, फळी, झरोके, सांध्यांचा कोन. मी त्याला दाराबाहेर काढला. पण जाता जाता त्यानं आपलं कार्ड चिमट्याच्या टेबलावर ठेवलं आणि चिमट्यानं ते टाकून दिलं नाही. ड्रॉवरमध्ये ठेवलं. मी बघितलं.

म्हणजे हिशेब सरळ होता. पेटी उघडल्याशिवाय आतली मापं मिळत नाहीत. ती गेली की माझं काम यंत्र करणार आणि या दुकानात मी उरणार जुन्या खुर्चीसारखा, कुणी बसत नाही पण टाकवतही नाही असा. मला दुसरं काही येत नाही. माझ्याकडे फक्त माझा हात आहे.

मी स्क्रू पुन्हा उभे केले आणि पेटीच्या माथ्यावर चिमूटभर बारीक भुसा पसरून ठेवला.

बुधवारी दुपारी चिमटा कुरिअरवाल्याशी बोलायला बाहेर गेला. माझा हात त्याच्या ड्रॉवरकडे गेला. दुसऱ्याचा ड्रॉवर उघडणं वाईट हे मलाही कळतं, पण दुसऱ्याची पेटी उघडणं तरी कुठलं चांगलं? कारखान्याचं कार्ड होतं. त्याच्याखाली घडी घातलेला एक कागद होता. मी तो खिडकीशी नेला. अक्षर मुद्दाम मुंगीएवढं काढलेलं, पण वर लिहिलेला 'अक्रोड' हा शब्द मला लागला. खाली आकडे. 'वरची ओळ', 'उजवी', 'दोन'. आणि आणखी खाली दुसऱ्या झाडांची नावं: साग, बीच, पुन्हा साग. प्रत्येक नावासमोर आकडे आणि, अक्रोड सोडून, प्रत्येक ओळीच्या शेवटी बरोबरची खूण.

आकडे चिमट्याचे होते. खुणा माझ्या बायकोच्या होत्या. ती बरोबरची खूण करताना शेपूट खाली ओढते, वाण्याच्या यादीवरसुद्धा.

मी खिडकीशी किती वेळ उभा होतो कोण जाणे. मेहुण्याचं एक वेळ समजू शकतो, त्याचं जग वेगळं, त्याला सगळं भराभर हवं असतं. पण हिचं काय? सव्वीस वर्षं माझ्या रंध्याचा आवाज ऐकत जिनं पोळ्या लाटल्या तिनं भावाला मापं काढून द्यावीत? मग मला राग आला आणि रागानं बरं वाटलं. कागद घडी करून मी वरच्या खिशात घातला.

संध्याकाळपर्यंत चिमट्यानं तो ड्रॉवर चार वेळा उपसला.

"काय हरवलं?" मी विचारलं.

"काही नाही दाजी. गॅरंटीचं एक कार्ड शोधतोय."

"सापडेल," मी म्हटलं. "घरातली वस्तू कुठे जाते?"

जेवताना मी दोघांकडे आळीपाळीनं बघत होतो. तिनं भावाच्या ताटात वाढताना हळूच काहीतरी विचारलं आणि त्यानं मान हलवून नाही म्हटलं. तिचा चेहरा उतरला. मी पाणी प्यायलो. एवढे दिवस हे माझ्या नाकासमोर चाललं होतं आणि मी आपला लाकूड तासत बसलो होतो.

गुरुवारी जेवण झाल्यावर मी पिशवी घेतली. रोज या वेळी मी वर तासभर आडवा होतो.

"वखारीत जाऊन येतो," मी मोठ्यानं म्हटलं. "दोन तास लागतील."

"उन्हाचं कशाला?" बायको म्हणाली.

"लाकूड काय माझी वाट बघत थांबणार आहे?"

चौकापर्यंत गेलो, तिथल्या बाकावर अर्धा तास घड्याळ बघत काढला आणि मागच्या गल्लीनं परत आलो. गल्लीच्या बाजूला माझ्या खोलीची खिडकी आहे. पलीकडच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. काच मळकी होती, आतलं सगळं धुक्यातल्यासारखं दिसत होतं, पण जे दिसलं ते पुरेसं होतं. माझ्या टेबलाशी, माझ्या स्टुलावर माझी बायको बसली होती. शेजारी तिचा भाऊ टॉर्च धरून वाकलेला. मध्ये अक्रोडाच्या पेटीतली ती फळी, जिच्यावर मदरबोर्ड बसतो. दोघांची डोकी तिच्यावर एकत्र आलेली.

ती फळी म्हणजे पेटीचा प्राण. तिच्यावर नऊ भोकं असतात, तीन ओळी, ओळीत तीन. त्या भोकांत पितळी पाय बसतात आणि पायांवर बोर्ड. कपाटात दोन मिलिमीटर इकडचे तिकडे झाले तर वरून पट्टी मारून झाकता येतात. इथे दोन मिलिमीटर चुकले की स्क्रू बसत नाही, आणि जबरदस्ती केली तर बोर्ड चिरतो. चिमट्यानं मला त्यासाठी पत्र्याचा साचा करून दिला होता. पहिल्या दहा पेट्यांनंतर मी तो खिळ्याला अडकवून टाकला. नऊही अंतरं मला तोंडपाठ आहेत. झोपेतून उठवलं तरी सांगेन.

तेव्हाच आत जाऊन दोघांना रंगेहाथ धरायला हवं होतं. पाय उचललाही होता. पण मग वाटलं, आत गेलो तर काय होईल? ती रडेल, तो काहीतरी बोर्डाचं, व्होल्टेजचं कारण सांगेल, आणि मला त्यातलं काही कळणार नाही. साक्षीदार हवा. अक्रोडाची पेटी सांगितलेली गिऱ्हाईक बाई दुसऱ्या दिवशी ती बघायला येणार होती. तिच्यासमोरच काय ते होऊ दे, असं ठरवून मी पुन्हा चौकात गेलो. घरी आलो तेव्हा फळी पेटीत होती, स्क्रू सगळे उभे होते, भुसा पुसलेला होता.

"मिळालं लाकूड?" बायकोनं विचारलं.

"वखार बंद होती."

ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली आणि मग चहा ठेवायला गेली.

त्या बाई घड्याळं दुरुस्त करतात. बाजाराच्या टोकाला त्यांचं एवढंसं दुकान आहे आणि गळ्यात दोरीनं बांधलेलं भिंग असतं, डोळ्याला लावायचं. मला त्यांचाही थोडा संशय होता. पेटी सांगायला आल्या तेव्हा त्यांनी फार प्रश्न विचारले होते. भोकं आधी पाडता की पॉलिश आधी करता, सांध्याला सरस कुठला, लाकूड किती महिने सुकवता. इतकं कोण विचारतं? पण शुक्रवारी त्यांनी पेटीच्या माथ्यावर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला, तेव्हा मी त्यांना संशयातून तात्पुरतं वगळलं.

"सुंदर झालीय मिस्त्री," त्या म्हणाल्या.

"झालीय. पण बाई, पेटीबद्दल बोलण्याआधी एक गोष्ट ऐका. साक्षीदार म्हणून ऐका." माझा आवाज चढला होता. "या घरात चोरी होतेय."

चिमट्याच्या हातातली वायर तशीच राहिली. बायको पॉलिशचा बोळा घेऊन मागच्या दारात उभी होती.

"अहो," ती म्हणाली, "आपण नंतर बोलू ना."

"नंतर का? आत्ताच बोलू. हा माझा मेहुणा. मी पाठ फिरवली की हा माझ्या पेट्या उघडतो, मापं काढतो आणि लिहून ठेवतो. कारखानेवाल्याला द्यायला. आणि याला साथ कोण देतं? माझीच बायको!" खिशातला कागद काढून मी बाईंच्या पुढ्यात आपटला. "वाचा. मोठ्यानं वाचा."

बाई अवघडल्या. एकदा चिमट्याकडे, एकदा बायकोकडे बघितलं. कुणी नाही म्हणेना. मग त्यांनी भिंग डोळ्याला लावलं.

"अक्रोड. वरची ओळ, तिन्ही भोकं उजवीकडे दोन मिलिमीटर सरकवायची," त्या वाचू लागल्या. "मधल्या ओळीतलं शेवटचं दीड खाली. जुनी बुजवून नवी पाडायची. इथे अजून खूण नाही." त्या थांबल्या. "साग. वरची ओळ, अडीच उजवीकडे. झालं, अशी खूण. बीच. वरची ओळ दोन, खालचं पहिलं भोक..." त्यांनी भिंग काढलं. "मिस्त्री, ही पेटीची मापं नाहीत. ही दुरुस्तीची यादी आहे."

"कसली दुरुस्ती?"

"दाजी, माझी चूक आहे," चिमटा घाईघाईनं म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "भोकं माझ्याकडून चुकली. मी साचा उलटा धरला. तुम्ही ओरडाल म्हणून सांगितलं नाही."

माझ्या तोंडावर "बघा!" आलं होतं, अगदी जिभेच्या टोकावर. पण ते तिथंच राहिलं. कारण भोकं चिमटा पाडत नाही. भोकं मी पाडतो. या दुकानात ड्रिलला माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही, आणि त्यानं साचा उलटा धरायला साचा खिळ्यावरून निघाला तर पाहिजे.

मी स्क्रू काढले. आठ स्क्रू काढायला मला कधी इतका वेळ लागला नव्हता. फळी बाहेर ओढली, तिच्यावर नऊ पितळी पाय नीट उभे होते. मी अंगठा फिरवला. काहीच लागलं नाही. सगळीकडे सारखं, गुळगुळीत.

"कुठे आहे दुरुस्ती?" मी म्हटलं. "दाखवा की."

बाईंनी भिंग माझ्या हातात दिलं आणि बोट टेकवलं. "इथे बघा. आणि इथे."

भिंगातून मला आधी पितळ दिसलं, मग त्याच्या डाव्या बाजूला, दोन मिलिमीटरवर, एक अर्धं वर्तुळ. केसाइतकी रेघ. जुनं भोक अक्रोडाच्याच खुंटीनं बुजवलेलं होतं आणि खुंटीतल्या लाकडाच्या रेषा फळीतल्या रेषांना जोडून पुढे जात होत्या. वर तीन, मध्ये एक. चार भोकं मी चुकवली होती. एवढं सगळं मला भिंगातून लख्ख दिसत होतं. भिंग काढलं की नुसती तपकिरी फळी.

दिवा, पेन्सिल, वर्तमानपत्र. उभ्या उभ्या एकेक माझ्या ध्यानात येत गेलं.

आणखीही एक कळलं. हे काम चिमट्याचं नव्हतं. चिमट्याच्या हातात पटाशी दिली तर तो तिनं वायर सोलेल. खुंटी आडव्या लाकडातून कापायची, रेषा जुळवून ठोकायची, सरस सुकेपर्यंत दोन-तीन दिवस थांबायचं आणि वरचा भाग पटाशी पालथी धरून कडेकडून मध्ये तासायचा, म्हणजे कड उचकत नाही. ही रीत माझी आहे. ती मी आयुष्यात एकाच माणसाला शिकवली होती, लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी, रविवारी, रद्दी लाकडावर, तिनं फार मागे लागून हट्ट केला म्हणून. तिला ती आठ दिवसांत आली. मग मी म्हटलं होतं, छान, आता जरा ती दारं घासून घे. तेव्हापासून पंचवीस वर्षं ती घासत होती.

घड्याळवाल्या बाई अजून फळीवर वाकल्या होत्या. "मी चाळीस वर्षं बारीक काम करते," त्या म्हणाल्या. "असं काम फार थोड्यांना जमतं. मिस्त्री, रागावू नका, पण मला घरासाठी आणखी एक मशीन करून घ्यायचंय. त्याची पेटी मला ज्यानं ही खुंटी बसवली त्याच्या हातची हवी."

चिमट्यानं घसा खाकरला. तो पुन्हा स्वतःचं नाव घेणार होता, ते मला त्याच्या तोंडावरच दिसलं. घेतलं असतं तर चाललं असतं. बाई त्याला शाबासकी देऊन गेल्या असत्या, पेटी गुपचूप हिनं केली असती आणि खाली नाव माझंच लागलं असतं. क्षणभर मी त्याला बोलू द्यायच्या बेतात होतो. खोटं कशाला सांगू?

"भोकं मी चुकवली," मी म्हटलं. "याचा काही संबंध नाही. मला दिसत नाही नीट. आणि खुंट्या हिनं बसवल्यात."

बाई वळल्या. बायकोनं बोळा पदराआड घेतला, जसं काही चोरीचा माल होता.

"तुम्ही कराल माझी पेटी?" बाईंनी विचारलं.

एरवी अशा वेळी ती माझ्याकडे बघते. यांना विचारा, म्हणते. त्या दिवशी तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

"करीन," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात चालेल? त्याआधी यांच्या डोळ्यांचं करायचंय."

बाई गेल्या. चिमटा आपल्या वस्तू पिशवीत भरत होता, चार्जर, टॉर्च, स्क्रूड्रायव्हर. फार काळजीपूर्वक भरत होता.

"कुठे निघालास?" मी विचारलं.

"जरा घरी जाऊन येतो."

"पिशवी भरून?"

त्यानं पिशवीची चेन ओढली. माफी मागायची मला सवय नाही, शब्द कुठून सुरू करायचे तेच कळत नव्हतं. "हे बघ," मी म्हटलं, "मी तुला परक्या बाईसमोर चोर म्हटलं. ते चुकलं. तू मला तोंडावर काय बोलायचं ते बोल, पण पिशवी खाली ठेव."

"मला काय बोलायचंय दाजी," तो म्हणाला. "स्क्रू मीच तिरके बसवले. ताई नेहमी सरळ करते. त्या दिवशी पोळ्या करपतात म्हणून ती वर पळाली आणि मी आपले पिळले कसेतरी." तो जरासा हसला, पण ते हसू टिकलं नाही. "कारखान्याचं कार्ड मी ठेवलं ते त्यांचा फोन आला तर नंबर ओळखून उचलायचा नाही म्हणून."

मग त्यानं पिशवी टेबलाखाली ठेवली आणि जरा चहाचं बघतो म्हणून बाहेर पडला. आम्ही दोघंच राहिलो. ती फळी मांडीवर घेऊन स्टुलावर बसली होती.

"किती पेट्या?" मी विचारलं.

"अकरा."

"अकरा! आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीस?"

"सांगितलं होतं. पहिल्याच पेटीला सांगितलं." तिचा आवाज शांत होता. "तुम्ही म्हणालात, भोकं बरोबर आहेत, तुझा भाऊ वाकडे बोर्ड आणतो. आठ दिवस त्याच्याशी बोलला नाहीत. तो बोर्ड परत पाठवायला निघाला होता. मग म्हटलं, जाऊ दे."

मला आठवलं. शब्दन्‌ शब्द आठवला. वाकडे बोर्ड स्वस्तात मिळत असतील, असंही मी म्हणालो होतो.

"मी माझ्या मनात तुलाही त्यात धरलं होतं," मी म्हटलं. "मापं विकायला निघालीस असं वाटलं मला. काल मी वखारीत गेलोच नव्हतो."

"माहितेय."

"काय माहितेय?"

"गल्लीत उभे होतात. पलीकडच्या भिंतीशी." ती फळीवरून हात फिरवत होती. "मला दिसलात तुम्ही. त्याला दिसला नाहीत, तो टॉर्च धरून होता."

"मग थांबली का नाहीस? लपवलं का नाहीस?"

"कशाला लपवू? उलट मला सुटल्यासारखं झालं," ती म्हणाली. "वाटलं, आता आत येतील, बघतील, ओरडतील, आणि संपेल एकदाचं. तुम्ही निघून गेलात तरी मी तशीच बसून होते, पटाशी हातात धरून. वाटलं, चक्कर मारून दारानं येत असतील."